तिच्या हातानं मोजलेला मंडप

हात कुणाचा धरायचा, यावरून आमच्या चर्चमध्ये पहिला वाद झाला.

इस्राएल लोक वाळवंटातून चालले होते तेव्हा देव त्यांच्याबरोबर एका तंबूत राहायचा. शास्त्रात त्याला निवासमंडप म्हटलं आहे आणि त्याची मापं हातांत दिली आहेत. तीस हात लांब, दहा हात रुंद, दहा हात उंच. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आमच्या पाळकसाहेबांच्या मनात आलं की त्या वर्षीच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, हा मंडप चर्चच्या आवारात खराखुरा उभा करायचा. नुसती चित्रं दाखवली की लोकांना झोप येते, असं त्यांचं म्हणणं. उभा कोण करणार? मीच. मी पूर्णेतला मंडपवाला. तीस वर्षं झाली, ताडकळसपासून पार बोरीपर्यंत लोकांची लग्नं, बारशी, तेरावे, पुढाऱ्यांच्या सभा माझ्या कापडाखाली होत आल्या आहेत. गणपतीचे, देवीचे, भागवताचे मांडव मीच घालतो, आणि ख्रिस्ती माणूस म्हणून कुणी मला कधी परत पाठवलेलं नाही. हे काम मात्र आमच्या घरचं होतं.

तर हात. पाळकसाहेब म्हणाले, विद्वान लोक दीड फूट धरतात. दीड फुटानं मोजलं तर मंडप लिंबाच्या झाडातून आरपार जात होता. माझ्या हातानं मोजलं तर आवाराची भिंत पाडावी लागली असती, कारण मी ताडमाड आहे. पाळकसाहेब अंगानं लहान, पण देवाच्या घराला स्वतःचा हात लावायचा त्यांना संकोच वाटत होता. मंडळीतले दोघंतिघं बाह्या सारून एकमेकांचे हात बघायला लागले आणि कुणाचा मोठा यावर गाडी आली. माझी बायको पायरीवर बसून सगळं ऐकत होती.

"कापड मलाच शिवायचंय ना?" ती म्हणाली. "मग माजा हात धरा की."

मी तिचा हात भिंतीला टेकवला, बांबूची एक कामटी घेतली, कोपर ते बोटाचं टोक अशी खूण केली आणि कोयता उचलला. "अवो, बोट कापताल माजं!" म्हणून ती ओरडली आणि सगळे हसले. त्या कामटीनं आवार मोजलं. लिंबाच्या खोडापासून वीतभर अंतर ठेवून मंडप बरोबर बसला. पाळकसाहेबांनी लगेच उभ्याउभ्या प्रार्थना केली आणि प्रार्थनेत कामटीबद्दलही आभार मानले, तेव्हा बायकोनं मला हळूच कोपर मारलं.

धर्मातलं बारीकसारीक मला कधी फार कळलं नाही. वडील रेल्वेत खलाशी होते, त्यांनी बोट धरून चर्चमध्ये नेलं आणि मी जात राहिलो. पण निवासमंडपाचा भाग मला पहिल्यापासून आवडायचा. बाकीचे लोक तिथं पोचले की पानं उलटतात. कड्या, आकडे, खुंट्या, दोर, कुठल्या पडद्याला किती फासे, मंडप हलवताना कुणी काय उचलायचं, याची ती लांबलचक यादी वाचून त्यांना कंटाळा येतो. मला वाटायचं, हा देव आपल्या धंद्यातला आहे. खुंटी ढिली राहिली तर वरची सगळी शोभा फुकट, हे त्याला ठाऊक आहे. पुढं त्याच लोकांनी दगडाचं मंदिर बांधलं, आतून सोन्यानं मढवलं, आणि शत्रूनं येऊन ते पाडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा पाडलं गेलं. मंडपाचं तसं नसतं. मंडप उतरवतात, घड्या घालतात आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा उभा करतात.

पाळकसाहेबांना मात्र त्यातल्या प्रत्येक वस्तूमागं प्रभू येशू दिसायचा, आणि तेच त्यांना लोकांना दाखवायचं होतं. अंगणात होमवेदी, तिच्यापुढं हातपाय धुण्याचं पितळी गंगाळ. तंबूच्या आत दिवा, भाकरी, धूप. त्याच्याही आत एक जाड पडदा, आणि पडद्यामागं परमपवित्र स्थान, जिथं देव राहतो. तिथं फक्त मुख्य याजकानं जायचं, तेही वर्षातून एकदा, तेही रक्त घेऊन. बाकीच्या सगळ्या लोकांनी जन्मभर पडद्याच्या अलीकडं थांबायचं. आणि मग प्रभूनं क्रुसावर प्राण सोडला त्या घटकेला यरुशलेमच्या मंदिरातला तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरून खाली, म्हणजे माणसानं नाही फाडला. तेव्हापासून कुणीही आत जावं. पाळकसाहेब हे सांगायला लागले की त्यांचा आवाज चढायचा आणि चष्मा घसरायचा.

कापड आणायला मी आणि बायको बाजारात गेलो. दुकानदार लिंगायत, माझ्या वडिलांपासूनची ओळख. निळा, जांभळा आणि किरमिजी, तिन्ही रंगांचं जाड सुती पाहिजे म्हटल्यावर त्यानं विचारलं, "कोणाचं लगीन?"

"देवाचा मंडप हाय," बायको म्हणाली.

त्यानं सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातलं लिंग चाचपलं. "आमचा देव हितंच असतो. मंडप नगं, पडदा नगं. जिथं आपुन तिथं त्यो." मग त्यानं जांभळ्याचा तागा उलगडला आणि उभा धागा किती पक्का आहे ते ओढून दाखवलं. वाटेत बायको म्हणाली की त्याचं बोलणं तिला आवडलं. मला तेव्हा त्यावर विचार करायला वेळ नव्हता.

आमच्या घराला लागूनच गोदाम आहे. त्याच्या एका कोपऱ्यात कनात लावून, म्हणजे मंडपाच्या बाजूचं कापड आडवं टांगून, तिनं आपली शिवणाची जागा केली होती. आत मशीन, एक स्टूल, दोऱ्यांच्या रिळांचा डबा. तिथं मला जायला बंदी होती. मी पायानं सुया विखुरतो आणि तंबाखूच्या हातानं कापड धरतो, हे दोन आरोप होते आणि दोन्ही खरे होते. काही विचारायचं झालं तर मी कनातीच्या अलीकडून हाक मारायचो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाळकसाहेब मला टेम्पोजवळ गाठून म्हणाले, "उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, आपण तो पडदा खरोखर फाडणार आहोत. तुम्ही मागून शिडीवर उभे राहायचं, म्हणजे लोकांना तो वरून फाटताना दिसेल. ताईंना सांगून ठेवा, वरची शिवण कच्ची ठेवायला."

"सांगतो," मी म्हणालो.

मी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी सांगणार होतो, पण घरी गेलो तर ती पहिल्यांदाच चष्मा लावून बसली होती आणि मला विचारत होती, "अवो, करूब म्हंजी दिसतेत तरी कसे?" पडद्यावर करूबांचं, म्हणजे देवाजवळच्या पंखवाल्या दूतांचं, भरतकाम पाहिजे, असं शास्त्रात आहे. मी म्हणालो, मला काय ठाऊक, माझ्या मांडवात कधी जेवायला आले नाहीत. शेवटी तिनं लग्नाच्या एका जुन्या झालरीवरचे मोर कापले, त्यांची डोकी काढून टाकली आणि पंख तेवढे घेतले. त्या पंखांना तिनं माणसांचे चेहरे भरले. दोन्ही चेहरे आमच्या मुलीसारखे आले. मुलगी लग्न होऊन पुण्याला आहे.

दुसऱ्या दिवशीही सांगणार होतो. तिसऱ्या दिवशीही. या बाईनं माझ्या धंद्यापायी आयुष्यभर शिवलं, पण मांडवाच्या कापडाकडं वर मान करून कोण बघतं? त्याला मठ्ठ्याचे डाग पडतात, हळद लागते, पोरं त्याला हात पुसतात, मग ते धुवायला तिच्याकडंच येतं. हा पहिला पडदा होता ज्याच्याकडं लोक बसून बघणार होते. ती त्यावर महिना-दोन महिने खपत होती, आणि मी तिला सांगायचं की हे तू फाडण्यासाठी शिवतेस? माझी जीभ रेटली नाही. मी भांडायला घाबरत नाही, गिऱ्हाइकांना विचारा. पण हे एक वाक्य मला जमलं नाही.

पडदा तयार झाल्यावर तिनं तो कनातीबाहेर आणून मला दाखवला. डावीकडं एक करूब, उजवीकडं एक, आणि मध्ये वरपासून खालपर्यंत हातभर पट्टा नुसता जांभळा. त्यावर एक टाकासुद्धा नाही.

"मदी कामून मोकळं सोडलं? दोरा सरला का?" मी चिडवलं.

"ऱ्हाऊ द्या. मोकळंच बरं दिसतंय," ती म्हणाली. मग तिनं त्याची घडी घातली, जुन्या चादरीत बांधली आणि वर चार गाठी मारल्या. "लावायच्या दिशीच सोडा. आन् उलटं लावू नका."

त्यानंतर आठवडाभरानं ती गेली. दुपारची वेळ होती, ती लसूण सोलत बसली होती. छातीत दुखतंय म्हणाली. नांदेडला नेईपर्यंत वाटेतच संपलं.

इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी त्यात होतो असं मला वाटत नाही. दफनाला आलेल्या लोकांसाठी कब्रस्तानात सावली पाहिजे होती. ती कोण घालणार? चार ओळखीचे लोक माझंच कापड घेऊन बांधायला लागले. एकानं दोराला अशी काही गाठ मारली की ती वाऱ्यानं सुटणारच. मी शवपेटीजवळून उठलो, त्याच्या हातातून दोर घेतला, गाठ सोडली आणि नीट मारली. लोक माझ्याकडं बघत होते. मला एवढंच वाटत होतं की गाठ चुकीची आहे. मातीची मूठ टाकतानाही मी त्या गाठीकडंच बघत होतो.

मुलगी पंधरा दिवस राहिली आणि गेली. डबे यायचे ते मी खायचो. कुणी विचारलं काय भाजी होती, तर सांगता यायचं नाही. लोक खांद्यावर हात ठेवायचे तेव्हा खांदा कुणा दुसऱ्याचा असावा तसं व्हायचं. रडू आलं नाही. दुःख झालं असंही म्हणता येणार नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की आत काहीच नसायचं, रिकाम्या गोदामात उभं राहावं तसं. कोपऱ्यातली कनात मी सरकवली नाही. चहाचा कप घेऊन मी तिच्या अलीकडं बसायचो आणि कप गार झाला की उठायचो.

पाळकसाहेब म्हणाले, यंदा राहू द्या. मी म्हणालो, घालतो. काम होतं म्हणून म्हणालो. त्यात श्रद्धा वगैरे काही नव्हती.

मंडप मी दोन दिवसांत उभा केला आणि चुकीचा केला. आमच्या धंद्यात मांडवाचं तोंड रस्त्याकडं असतं, पाव्हणे जिकडून येतात तिकडं. चर्चचा रस्ता पश्चिमेला आहे. हातांना सवय, त्यांनी तोंड पश्चिमेला केलं. निवासमंडपाचं दार पूर्वेला असतं हे मला तोंडपाठ ठाऊक होतं, लोकांना मीच सांगायचो. पाळकसाहेबांनी येऊन बघितलं आणि फार हळू आवाजात म्हणाले, "उलटा झालाय हो." मी सगळा उतरवला आणि फिरवून पुन्हा घातला. एरवी मी चार शिव्या तरी दिल्या असत्या.

प्रत्येक माप त्या कामटीनं घेतलं. खांबाखांबातलं अंतर, वरच्या आडव्या पाइपची उंची, भाकरीच्या मेजाची जागा. तीस वेळा लांबीला, दहा वेळा रुंदीला, दहा वेळा उंचीला, कोपर ते बोट, कोपर ते बोट. हा तिचा हात आहे हे मला कळत होतं. नुसतं कळत होतं.

परमपवित्र स्थानात देवाच्या आज्ञांची सोन्याची पेटी असते, तिच्या जागी पत्र्याची पेटी सोनेरी कागदात गुंडाळली. माझ्याकडं नवरानवरीची सोनेरी खुर्ची पडून होती, तीही मी देऊ केली होती, पण पाळकसाहेब नको म्हणाले. मग पडद्याचं बोचकं आणलं आणि तिनं मारलेल्या चार गाठी सोडल्या. वरच्या काठाला झालर होती आणि झालरीच्या मागं रिंगा. सुलटं बघून मी एकेक रिंग आकड्यात अडकवत गेलो, खाली आलो, तेव्हा दिसलं की खालच्या काठाला मधोमध वीतभर जागा दुमडलेलीच नाही. काठ तसाच उघडा. तिनं जन्मात कुठल्या कापडाचा काठ उघडा सोडला नव्हता. मला वाटलं, तेव्हापासूनच तिला बरं नसणार. काम अर्धवट राहिलं. असं मनात आलं आणि मी दुसऱ्या कामाला लागलो.

दर रविवारी लोक यायचे, पाळकसाहेब एकेक वस्तू समजावायचे. शेजारपाजारचे लोकही बघायला यायचे, चपला काढून आत यायचे आणि पडद्यापाशी थबकायचे. त्यामागं काय आहे, असं बायका विचारायच्या. कुणी पडद्याला हात लावला नाही. रेल्वेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या एक मावशी आमच्या चर्चमध्ये आहेत. माझ्या बायकोची त्यांच्याकडं रोजची उठबस होती. त्या दर रविवारी पडद्याजवळ जाऊन करूबांचे चेहरे बघायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि जागेवर जाऊन बसायच्या.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं, "वरच्या शिवणीचं ताईंना सांगितलं होतंत ना?"

"हो," मी म्हणालो.

मला ठाऊक होतं की तो पडदा फाटणार नाही. मांडवाच्या प्रत्येक कापडाच्या वरच्या काठात ती निवारीची जाड पट्टी घालून दोनदा शिवायची. वादळात खांब वाकले आहेत, पण तिचं कापड कधी फाटलं नाही. म्हणजे आता दोनच वाटा होत्या. एक तर पाळकसाहेबांना खरं सांगायचं आणि पडदा वाचवायचा. नाहीतर ब्लेड घेऊन शिडीवर चढायचं आणि तिची शिवण माझ्या हातानं कापायची, तीही तिला न विचारता. तिचं शेवटचं कापड होतं ते. पहिली वाट धरायला तोंड उघडावं लागलं असतं. मी खिशात ब्लेड टाकलं.

आमची उत्तम शुक्रवारची उपासना बारा ते तीन असते. त्या दिवशी ऊन असं होतं की कापडाखाली भट्टी झाली होती. लोक तंबूच्या पुढच्या भागात दाटीवाटीनं बसले होते. मी मागच्या बाजूनं परमपवित्र स्थानात शिरलो आणि पडद्यामागं शिडीवर चढून बसलो. कामटी कमरेला खोचलेली होती. मागून पश्चिमेचं ऊन कापडातून आत येत होतं. पलीकडं गाणी चालली होती, मावशींचा आवाज सगळ्यांच्या मागं राहत होता. मला काही वाटत नव्हतं. ब्लेड हाताला घामानं चिकटलं होतं तेवढं जाणवत होतं.

शेवटचं वाचन सुरू झालं तसं मी झालर वर केली आणि कुठून कापायचं ते बोटानं चाचपायला लागलो. डाव्या बाजूला निवारीची पट्टी लागली, दुहेरी शिवण लागली. बोट मधोमध आलं आणि पट्टीच संपली. वीतभर सोडून ती पुन्हा सुरू होत होती. तेवढ्या जागेत पट्टी कात्रीनं कापलेली होती, सरळ, नीट, टोकं आत दुमडलेली. आणि तिथं काठ मशीननं शिवलेला नव्हता. हातानं टाके घातलेले होते, लांब लांब, लाल दोऱ्याचे. लाल दोरा ती फक्त नंतर उसवायच्या कापडाला वापरायची. हे मला तीस वर्षं ठाऊक होतं.

मला आधी राग आला. पाळकसाहेबांनी माझ्या मागं तिला सांगितलं असणार. मग आठवलं, त्यांनी तर कालच मला विचारलं होतं. मग मधला मोकळा पट्टा आठवला, आणि खालचा उघडा काठ. माझ्यासारखा मूर्ख मीच. ही बाई लहानपणापासून दर वर्षी या दिवशी ते वाचन ऐकत आलेली. पडद्याचं पुढं काय होतं ते तिला ठाऊक नसणार? तिनं पहिला टाका घातला तेव्हाच तिला ठाऊक होतं. करूब बाजूला सरकवले ते त्यांचे चेहरे फाटू नयेत म्हणून.

पलीकडं पाळकसाहेबांनी शब्द उच्चारले, प्रभूनं प्राण सोडला. ती माझी खूण होती. मी लाल दोरा ओढला. तो एका दमात निघून आला. ब्लेड लागलंच नाही. मी दोन्ही हातांनी काठ धरला आणि ताणला, आणि कापडानं जो आवाज केला तो माझ्या छातीतून गेला. उभ्या धाग्यानं सरळ फाटत ते खाली चाललं. मी एक पायरी उतरलो, पुन्हा ताणलं. आणखी एक पायरी. मला वाटलं होतं खाली अडेल. अडलं नाही. उघड्या काठापर्यंत जाऊन दोन्ही भाग वेगळे झाले.

आता एक गोष्ट ना मला सुचली होती ना पाळकसाहेबांना. कुठल्या जागेवरून काय दिसतं हे बघण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या दिवसांत माझं डोकं जागेवर नव्हतं. पडदा फाटल्यावर मागं शिडीवर मी दिसणार होतो. ज्या जागेकडं लोक चाळीस दिवस दबकून बघत होते, तिथं सोनेरी पेटीच्या शेजारी घामानं भिजलेला, बनियनवरचा मंडपवाला उभा होता, हातात लाल दोरा घेऊन, आणि तो मोठ्यानं रडत होता. कब्रस्तानात आलं नाही ते रडू आलं. मला ते थांबवता आलं नाही आणि थांबवावंसं वाटलंही नाही.

पाळकसाहेबांनी ठरवलं होतं की पडदा फाटला की सगळ्यांनी एकेक करून आत यायचं. पण माझ्याकडं बघून कुणी जागचं हललं नाही. मग मावशी उठल्या. फाटलेल्या कापडाचं एक टोक बाजूला करून त्या आत आल्या, शिडीपाशी थांबल्या आणि माझा पाय धरला, कारण त्यांना तेवढाच पोचत होता.

"तिला म्हायती होतं का, मावशी?" मी विचारलं.

"व्हतं की. मला म्हनायची, ह्येंच्या तोंडून निगंना झालंय. रोज कनातीपशी येत्यात आन् काईबाई दुसरंच इचारून जात्यात. म्या म्हनलं, मग तूच बोल की. तर म्हनली, नगं, त्येंला वाईट वाटंल. सांगतील त्ये. म्या वाट बगते."

मग एकेक माणूस आत आलं. दहा हात बाय दहा हात जागा, तिच्या हाताचे दहा हात, तिथं आमची सगळी मंडळी मावली. कुणी शिडीला टेकून उभं होतं, कुणी पेटीला. पाळकसाहेब सगळ्यात शेवटी आले आणि त्यांनी त्या दिवशी उपदेश केला नाही.

याला आता दोन वर्षं होतील. पडद्याचे दोन्ही भाग चर्चमध्ये वेदीच्या दोन बाजूंना टांगलेले आहेत, काठ तसेच फाटके. पाळकसाहेब विचारत होते दुमडून घेऊ का, मी नको म्हणालो.

त्या उत्तम शुक्रवारी मंडप न उतरवताच मी घरी आलो. गोदामात गेलो. कनातीच्या अलीकडं थांबायची सवय होती तसा थांबलो. मग ती सरकवली आणि आत गेलो. मशीनवर धूळ होती. सुईत लाल दोरा नव्हता, तो डब्यात होता, नीट गुंडाळलेला. मी कमरेची कामटी काढून मशीनवर ठेवली, स्टूलवर बसलो, आणि तिला मोठ्यानं सांगितलं.

"वरली शिवण कच्चीच ठेव. फाडायचा हाय त्यो."